शीवच्या पुढे रिक्षा का जात नाही? : डंकनचा रस्ता आणि आमचा कुर्ला

(हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवलेत. फक्त माझे 'म्हणजे', 'बेसिकली' वगैरे कापलेत. ते खूप होते.)

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल आणि नशिबाने सेंट्रल लाइनवर असाल, तर सायन आणि कुर्ल्याच्या मधे हा एपिसोड ऐका. दोन-तीन मिनिटांचं अंतर आहे, पण आजची सगळी गोष्ट त्याच तुकड्याची आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. मी कुर्ला वेस्टचा. जन्म इथलाच, शाळा इथलीच, आता नोकरी बीकेसीत, म्हणजे घरापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, आणि तिथे पोचायला लागणारा वेळ मी सांगत नाही, तुम्ही हसाल. गेल्या गणपतीत गावी जायचं होतं. दादरहून रात्रीची बस. मी, आई, बाबा, तीन बॅगा आणि एक खोका ज्यात काय होतं ते आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. टॅक्सी मिळेना. रिक्षा मिळाली. एलबीएस रोडने सायनपर्यंत आलो आणि रिक्षावाल्या दादांनी बाजूला घेतली. "साहेब, इथून पुढे रिक्षा नाय जात. टॅक्सी बघा."

हे मुंबईत सगळ्यांनाच माहितीये. रिक्षा उपनगरात चालते, शहरात नाही. या बाजूला सायन, त्या बाजूला बांद्रा, तिथे तिची हद्द संपते. मी लहानपणापासून बघतोय. पण त्या रात्री बॅगा उतरवताना बाबा सहज बोलून गेले, "शीव आहे ना ही. शीव म्हणजे वेस." आणि माझ्या डोक्यात तो शब्द अडकला. बसमध्ये झोप आलीच नाही. फोनवर जुने नकाशे उघडून बसलो. तिथून हा एपिसोड सुरू झाला.

तर शीव. आपण सायन म्हणतो, रेल्वेच्या बोर्डवर मराठीत शीव लिहिलेलं असतं. गावाची शीव, म्हणजे हद्द. मुंबई बेटाचं हे टोक. त्याच्या पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे दुसरं, खूप मोठं बेट, साष्टी. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, ठाणे, हे सगळं त्या साष्टी बेटावर. आज 'बेट' म्हटलं की विचित्र वाटतं, कारण पाणी दिसत नाही. पण अठराव्या शतकात सायनच्या टेकडीवर उभं राहिलं तर समोर दलदल, खारफुटी, भरतीचं पाणी आणि पलीकडे कुर्ल्याची घरं, असंच काहीसं दिसत असणार.

त्या टेकडीवर किल्ला आहे. सायन स्टेशनच्या जवळच, वर चढायला पाच-सात मिनिटं. जेराल्ड आँजियर नावाचा कंपनीचा गव्हर्नर होता, त्याच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान तो बांधला. का? कारण पलीकडची साष्टी कंपनीची नव्हती, पोर्तुगीजांची होती. मग १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं, १७३९ ला वसई पडली, आणि साष्टी मराठ्यांची झाली. आता इंग्रजांची झोप खरी उडाली. पोर्तुगीज शेजारी परवडले, पण मराठे? त्यांनी फोर्टभोवती खंदक खणायला घेतला, व्यापाऱ्यांकडून त्यासाठी वर्गणी काढली. म्हणजे विचार करा, त्या काळात कुर्ला हा दुसरा देश होता. मराठ्यांच्या राज्यातलं एक खाडीकाठचं गाव, आणि समोरच्या टेकडीवर त्याच्याकडे तोंड करून इंग्रजांच्या तोफा.

अशा खाडीवर कोण पूल बांधेल? कोणीच नाही. खाडी हीच तर तटबंदी होती.

१७७४ च्या डिसेंबरअखेर कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी हातात घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते पक्कं झालं. आता चित्र उलटं झालं. जी खाडी कालपर्यंत संरक्षण होती, ती एका रात्रीत अडचण झाली. मुंबईत माणसं वाढत होती आणि त्यांना खायला भात, भाजी, घोड्यांना गवत, चुलीला लाकूड, हे सगळं साष्टीतून यायचं. आणि यायचं कसं? तरीने. भरती-ओहोटी बघून. पावसाळ्यात तर देवाचं नाव घेऊन.

मग जोनाथन डंकन आला. १७९५ ते १८११, इतकी वर्षं तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात १७९८ साली सायन ते कुर्ला असा दगडी बांध घालायला सुरुवात झाली. सायन कॉजवे. कधी पूर्ण झाला यावर जुन्या पुस्तकांत एकमत नाही, काही १८०३ म्हणतात, काही १८०५. मी १८०५ धरतो. सात वर्षं. आमच्याकडे एक फ्लायओव्हर व्हायला जेवढी लागतात साधारण तेवढीच, फक्त त्यांच्याकडे जेसीबी नव्हता.

कसा होता हा रस्ता? १८०९ साली मरिया ग्रॅहम नावाची एक इंग्रज बाई मुंबईत राहत होती, तिने प्रवासवर्णन लिहिलंय. ती सांगते की बांध दगडाचा आणि चांगला बांधलेला आहे, मधे उचलता येणारा पूल आहे, पण रुंदी इतकी कमी की खराब हवेत घोडागाडी नेणं धोक्याचं. आणि तरी, ती म्हणते, रोज बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्यांना आणि माळ्यांना याचा फार उपयोग आहे.

इथे जरा थांबूया. मला हे वाक्य खूप महत्त्वाचं वाटतं. साहेबाच्या बग्गीसाठी अरुंद, पण भाजीच्या पाटीसाठी पुरेसा. म्हणजे हा रस्ता पहिल्या दिवसापासून माल आत आणण्यासाठी होता. माणसांनी मुंबईबाहेर जाऊन राहावं म्हणून नव्हता. आणि मधे उचलता येणारा पूल! साष्टी ताब्यात येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, तरी तो पूल होता. होड्यांना वाट द्यायला असेल, किंवा जुनी भीती पूर्ण गेली नसेल. मला वाटतं थोडं दोन्ही. शिवाय सुरुवातीच्या काळात त्यावर टोलही होता. खाडीवर रस्ता झाला, पण वेस काही गेली नाही. ती रस्त्यावर येऊन बसली.

१८२६ साली एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना रस्त्याची रुंदी दुप्पट केली. म्हणजे वीस-एकवीस वर्षांत तो कमी पडायला लागला होता. एलबीएस रोडचं रुंदीकरण ही काही आजची गोष्ट नाही मंडळी, पहिलं रुंदीकरण १८२६ चं आहे. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तेव्हाही कुणाचं तरी घर गेलं असेल." त्याकडे मी नंतर येतो.

आता कुर्ल्याचं काय झालं ते बघू. खरी मजा तिथे आहे.

कुर्ला हे मासेमारांचं, मिठागरांचं, भातशेतीचं गाव होतं. नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडलं असं इथे सगळेच सांगतात. पोर्तुगीजांच्या काळातलं होली क्रॉस चर्च आहे, १८४८ ला ते पुन्हा बांधलं. जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची गल्ली आजही आहे. कधी गेलात तर मोबाईल खिशात ठेवून चाला, कारण ती गल्ली फोटोत येत नाही. फोटोत फक्त पार्क केलेल्या बाइक येतात.

रस्ता पूर्ण होतो १८०५ ला. आणि १८०८ साली काय होतं? होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याला कंपनी कुर्ला देते. सोबत मोहिली, मरोळ, सहार, असल्फा अशी आजूबाजूची गावं आणि कोले कल्याण, ज्याचं पुढे आपण कलिना केलं. कशाच्या बदल्यात? फोर्टमध्ये अपोलो गेटजवळच्या त्याच्या जमिनीच्या बदल्यात. अख्खी गावं, माणसांसकट, मिठागरांसकट, एका प्लॉटवर. मला पहिल्यांदा वाचताना वाटलं, वाडियाला फसवला. फोर्टातली जागा सोडून खाडीपलीकडची दलदल? मग लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी रस्ता झालाय. हा माझा अंदाज आहे, कागदोपत्री पुरावा नाही, पण तरीने जायच्या गावासाठी एवढा मोठा व्यापारी फोर्टची जमीन सोडेल असं मला वाटत नाही. रस्ता आला की सातबारा बदलतो, हे समृद्धी महामार्गाच्या काठच्या कुठल्याही गावात विचारा.

त्या गावकऱ्यांना कोणी विचारलं होतं का? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला.

रस्ता कुर्ल्यावर थांबला नाही अर्थातच. पुढे घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला, तिथून खाडी ओलांडून भिवंडी, कसारा घाट, नाशिक, आणि पार आग्रा. म्हणून त्याचं जुनं नाव आग्रा रोड. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत आग्रा रोडच होतं. लालबहादूर शास्त्रींचं नाव नंतर आलं आणि मग मुंबईकराच्या सवयीप्रमाणे त्याचं एलबीएस झालं. शास्त्रीजींचं नाव घेतोय हे बोलताना कुणाच्याच लक्षात नसतं.

पण मुंबईतून निघालेल्या किंवा मुंबईकडे येणाऱ्या बैलगाडीला शिवेच्या बाहेरचं पहिलं गाव लागायचं ते कुर्ला. आजही इथल्या एका भागाचं नाव बैलबाजार आहे. जवळच चुनाभट्टी आहे, नावातच धंदा सांगितलाय. कसाईवाडा आहे. म्हणजे नकाशावरची नावं एकापाठोपाठ वाचली तरी यादी तयार होते: गुरं, चुना, मांस, मीठ. शहराला रोज हवं असलेलं, पण शहराला दाराशी नको असलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. डंकनच्या रस्त्याने कुर्ल्याला मुंबईच्या जवळ आणलं, पण आत नाही घेतलं. बरोबर दाराच्या बाहेर उभं केलं. आणि त्यानंतर इथे जे जे वाढलं ते दाराबाहेर वाढणाऱ्या गोष्टींसारखं वाढलं.

कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. "भाऊ, कुर्ला वाढला तो रेल्वेने, रस्त्याने नाही." बरोबर आहे, अर्धं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ३४ किलोमीटर, ती याच सायन-कुर्ल्याच्या पट्ट्यातून गेली. रूळसुद्धा खाडीत भराव घालून टाकले, कॉजवेच्या शेजारच्याच पट्ट्यात. माणसांची संख्या वाढवली रेल्वेने, यात वाद नाही. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुठे आली? कुर्ल्याला. हार्बरने. तो मान आमचाच. पण रेल्वे यायच्या पन्नास वर्षं आधी ठरलं होतं की खाडी कुठे ओलांडायची, पलीकडे जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिथे कोणत्या प्रकारची कामं होतात. रेल्वे रिकाम्या जागेत आली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या कोडवर नवीन फीचर चढवलं.

आणि मग गिरण्या आल्या. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (हो, कुर्ला तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, मुंबईत नव्हता) कुर्ल्यात दोन सूतगिरण्या आहेत असं नोंदवलंय. त्यातली धरमसी पुंजाभाईची गिरणी म्हणजे राक्षस. ९२,०९४ चात्या आणि १,२८० माग. मुंबई इलाख्यातली सगळ्यात मोठी. तेव्हा गावाची लोकसंख्या साडेनऊ हजारांच्या थोडी वर, आणि त्यातले निम्मे गिरणीवर कामाला. उरलेले मासे पकडणारे, शेती करणारे आणि मीठ पिकवणारे. हे वाक्य वाचताना मला एकदम दोन कुर्ले दिसले. एका बाजूला भोंगा, दुसऱ्या बाजूला मिठागर. मधून रस्ता.

एवढी मोठी गिरणी गिरणगाव सोडून इथे का? जमीन स्वस्त, मोकळी, शहराच्या हद्दीबाहेर आणि तरी गोदीशी रस्त्याने आणि रेल्वेने जोडलेली. शीव पुन्हा कामाला आली, बघा. १८८६ ला ही गिरणी जमशेटजी टाटांनी साडेबारा लाखांना विकत घेतली आणि नाव ठेवलं स्वदेशी मिल. पहिली काही वर्षं त्यांना भयंकर जड गेली, यंत्रं जुनाट होती. तो सगळा किस्सा टाटांवरच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल, मी इथे थांबत नाही.

माझे आजोबा कुर्ल्यातल्या एका गिरणीत होते. संगमेश्वरकडून आले, गावचे चार जण एकाच खोलीत, पाळीप्रमाणे झोपायचे, जो कामावर जाईल त्याच्या जागेवर जो परत येईल तो. मी लहान असताना ते हे हसत सांगायचे. १९८२ चा संप १८ जानेवारीला सुरू झाला. त्यानंतर ते कामावर परत गेलेच नाहीत. ते याबद्दल हसत नसत. किंबहुना बोलतच नसत.

बाबांना मिळाला तो रस्ता. म्हणजे शब्दशः. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंनी, विसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग लागली होती. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्स, जिथून पद्मिनी यायची, आपली काळी-पिवळी. कमानी ट्यूब्ज, जी बंद पडल्यावर कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत चालवायला घेतली आणि १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला परवानगी दिली. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, आणि मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय. या मोठ्या कारखान्यांना नटबोल्ट, स्प्रिंगा, रबराचे वॉशर पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स गल्ल्यांमधून होती. बाबा तसल्याच एका वर्कशॉपमध्ये भांडुपला लेथवर होते. मोठे कारखाने बंद पडले, मग हीसुद्धा एकेक करून मिटली.

आता 'कमानी' हा बस स्टॉप आहे. कंडक्टर ओरडतो, लोक उतरतात, समोरच्या मॉलमध्ये जातात. कमानी काय होतं हे विचारलं तर अर्ध्या लोकांना वाटतं तिथे एखादी कमान असेल.

एक तुलना करतो, कारण रस्त्याला सगळं श्रेय किंवा सगळा दोष देणं मला पटत नाही. सायन कॉजवेनंतर चाळीस वर्षांनी, १८४५ ला, दुसरा बांध झाला. माहीम ते बांद्रा. तिथेही तीच खाडी, तीच तर. सरकारने पैसे द्यायला हात आखडता घेतला तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी, लेडी अवाबाई, यांनी पैसे दिले. आधी एक लाख, मग काम अडल्यावर आणखी सत्तावन्न हजार. आणि अट घातली की कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. मला ही अट फार आवडते. त्यांच्यासमोर सायनचं उदाहरण होतं का, कोण जाणे.

तर दोन्ही रस्ते खाडीवर, दोन्ही साष्टीत जाणारे. पण बांद्र्याला टेकडी होती, समुद्राचा वारा होता. तिथे रस्त्याने श्रीमंतांचे बंगले नेले. (कत्तलखानाही तिथे होता, हे बांद्र्याचे लोक फारसं सांगत नाहीत.) कुर्ल्याला सपाट खाजण होतं आणि देशावरून येणारा मालाचा रस्ता होता. म्हणजे रस्ता एकटा काही ठरवत नाही. तो जमिनीतलं जे आहे ते वर काढतो. बांद्र्यात टेकडी वर आली, आमच्याकडे खाजण.

आणि खाजण म्हटलं की पाण्यावर यावंच लागतं.

२६ जुलै २००५. मी आठ वर्षांचा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आकडा सगळ्यांना पाठ आहे. मला आकडा नंतर कळला. मला आठवतं ते हे की आमची खोली तळमजल्यावर होती आणि आईने पहिल्यांदा गॅस सिलिंडर पलंगावर ठेवला, मग पलंगावर स्टूल, स्टुलावर टीव्ही, आणि मग हे सगळं सोडून आम्हाला घेऊन वरच्या मजल्यावर काकूंकडे. अकरा माणसं एका खोलीत. बाबा भांडुपहून चालत निघाले होते, एलबीएस रोडने. फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. चप्पल नव्हती. आई काही बोलली नाही, चहा टाकायला उठली आणि मग तिला आठवलं की गॅस खाली पाण्यात आहे. तेव्हा ती रडली.

मिठी नदी. विहार आणि पवईच्या बाजूने येते, कुर्ला-कलिन्याला वळसा घालून माहीमच्या खाडीत जाते. त्या पुरानंतर सगळ्यांनी एकमेकांवर बोटं दाखवली. झोपड्या, प्लास्टिक, विमानतळ, बीकेसीचा भराव. सगळं खरं आहे. मी स्वतः त्या भरावावर बसून पगार घेतो. पण जरा मागे जाऊन नकाशा बघा. सायनची खाडी पूर्वी आरपार होती, माहीमच्या बाजूचं पाणी आणि माहुल-ठाणे खाडीच्या बाजूचं पाणी तिथे एकमेकांना भेटायचं. १८०५ ला त्यावर पहिला बांध. १८४५ ला माहीमच्या तोंडाशी दुसरा. १८५३ ला सायनला रेल्वेचा भराव. १८६० मध्ये विहारचं पाणी शहरात पोचलं, म्हणजे नदीच्या उगमाशीच धरण. पुढे पवई. प्रत्येक वेळी कामाचं कारण अगदी चोख होतं. भाजी, लोक, गाडी, प्यायचं पाणी. आणि प्रत्येक वेळी खाडी थोडी आवळली गेली. खालून तोंड लहान, वरून प्रवाह कमी, मग गाळ, मग 'इथे तर जमीनच आहे' म्हणून आणखी भराव.

डंकनला दोष द्यायला मी इथे बसलो नाही. त्याने मधे पाण्याला वाट ठेवली होती. नंतरच्यांनी तीही नीट ठेवली नाही. पण दर पावसाळ्यात सायन-कुर्ल्याच्या मधे रुळांवर पाणी येतं, गाड्या बंद पडतात, आणि आपण सगळे फोन काढून शिव्या घालतो, तेव्हा एवढं माहीत असू द्या की ते पाणी जुन्या पत्त्यावर आलंय.

१९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि कुर्ला अधिकृतपणे मुंबईत आला. रस्ता झाल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षांनी. पण रिक्षाची हद्द बघा कुठे आहे. मी हे नीट सांगतो, नाहीतर उद्या व्हॉट्सअॅपवर फिरेल की डंकनने रिक्षा बंद केल्या. तसं नाहीये. रिक्षाचा नियम परमिटचा आहे, खूप नंतरचा, त्याचा कॉजवेशी थेट संबंध काही नाही. पण जेव्हा जेव्हा कोणाला शहर आणि बाहेर यांच्यात रेघ मारायची असते, तेव्हा हात आपोआप शीवेवरच जातो. आँजियरचा गेला, टोलवाल्यांचा गेला, परमिटवाल्यांचाही गेला.

आता ते रुंदीकरण. आमची चाळ रस्त्याला लागून आहे. मागच्या वर्षी दोन माणसं टेप घेऊन आली, पुढच्या चार खोल्यांच्या भिंतींवर लाल रंगात नंबर टाकून गेली. आमचा नंबर सात. मग कागद आला, मग दुसरा कागद आला ज्यात पहिल्यापेक्षा वेगळं माप होतं. बदली जागा कुठे, यावर तीन माणसांनी तीन गावं सांगितली. एक म्हणाला माहुल. आईने माहुल ऐकलं आणि ती उठून आत गेली.

मी या सगळ्याकडे आधी इंजिनिअरसारखा बघत होतो. रस्ता अरुंद आहे, ट्रॅफिक आहे, मीच त्यात रोज अडकतो, रुंद करायलाच हवा. बाबांशी यावरून माझं भांडण झालं. मी म्हटलं, "बाबा, विकास थांबवायचा का?" ते म्हणाले, "थांबवू नका. मला फक्त सांगा, हा रस्ता नसता तर तुझे आजोबा इथे आले असते का? रस्त्यानेच आणलं ना? मग आता रस्ता म्हणतो उठा, तर निदान कुठे जायचं ते तरी त्याने सांगावं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. हा एपिसोड मी खरं तर त्या भांडणानंतर लिहायला घेतला. बॅगा आणि रिक्षाची गोष्ट सुरुवातीला घेतली, कारण ती सोपी होती.

१८०८ साली वाडियांच्या नावावर गाव गेलं तेव्हा कुर्ल्यातल्या एखाद्या मीठ पिकवणाऱ्या माणसाला ते कोणी सांगितलं असेल? दवंडी पिटली असेल? की एक दिवस सारा मागायला नवीनच माणूस आला आणि तेव्हा कळलं? गॅझेटियरमध्ये चात्या मोजल्यात, अगदी ९२,०९४. हे मात्र नाहीये.

गेल्या रविवारी मी आणि बाबा सायनच्या किल्ल्यावर गेलो होतो. ते पन्नास वर्षं इथे राहतायत आणि पहिल्यांदाच वर चढले. वर गर्दी होती, बहुतेक कॉलेजची जोडपी. बाबांना जरा अवघडल्यासारखं झालं, मग त्यांनी कठड्यापाशी जाऊन कुर्ल्याच्या बाजूला बघायला सुरुवात केली. मी मोबाईलवर जुना नकाशा उघडून दाखवत होतो, ही खाडी, हा बांध, इथे आपण. त्यांनी फोन बाजूला केला आणि बोट दाखवून विचारलं, "त्या पाण्याच्या टाकीच्या अलीकडे ते निळं प्लास्टिक दिसतंय ते आपलं छप्पर का?" आपलंच होतं. मागच्या जूनमध्ये मीच टाकलेलं.

तर मंडळी, एक काम आहे. तुमच्या घरात कुणी आग्रा रोड म्हणणारं माणूस असेल, आजी, आजोबा, शेजारचे काका, तर त्यांना विचारा की पूर्वी रस्त्याच्या कडेला काय होतं आणि फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. आवाज खराब असला तरी चालेल, मागे कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल. बाबांनी पहिलं रेकॉर्डिंग दिलंय, अठरा मिनिटांचं, त्यातली सहा मिनिटं भांडुपच्या एका वडापाववाल्यावर आहेत. तो भाग मी कापणार नाहीये.

पुढच्या वेळी मिठागरं. भेटू.